पेटंट म्हणजे मुदतीचा खंड



गेल्या महिन्यात आठ दिवसांच्या अंतराने एकच शब्द दोनदा कानावर आला. आमच्या गटातील एका सभासदाच्या घरी मोठे आजारपण आहे, म्हणून समाचाराला गेलो होतो. औषधांच्या पावत्या पुढे ठेवून त्यांचा थोरला मुलगा म्हणाला, "काका, एवढीशी गोळी, पण दर बघा. दुकानदार म्हणतो कंपनीचं पेटंट हाय, दुसऱ्या कुणाची मिळायची नाही." पुढच्या आठवड्यात कारखान्यावर काम निघाले. तिथे यंत्रसामग्री विकणारा एक प्रतिनिधी बसला होता. दराची घासाघीस चालली होती. तो म्हणाला, "साहेब, यात एक पैसा कमी होणार नाही. मशीन पेटंटेड आहे."

दोन्ही ठिकाणी ऐकणारा गप्प बसला. पेटंट म्हटले की बोलणे खुंटले, अशी आपली समजूत आहे. ही समजूत चुकीची आहे आणि ती आपल्याला महागात पडते, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच. मी वकील नाही. सव्वीस हंगाम बॉयलिंग हाऊसमध्ये काढलेला माणूस आहे आणि तुमच्यासारखाच ऊस घालणारा सभासद आहे. निवृत्तीनंतर सवड मिळाली तसा हा विषय थोडा खोलात जाऊन वाचला. जे समजले ते आपल्या भाषेत मांडतो.

खंडाचा करार

एखाद्याला नवी युक्ती सुचली तर पूर्वी तो ती लपवून ठेवी. वैदू आपली मुळी कुणाला दाखवत नसे. बाप मरताना मुलाच्या कानात सांगायचा, आणि मुलगा परगावी असला तर विद्या बापाबरोबर जायची. यावर सरकारदरबारी एक तोड निघाली. शोध लावणाऱ्याला सांगण्यात आले, की बाबा रे, तुझी युक्ती सगळी कागदावर लिहून दे. त्या कामातल्या जाणकाराने नुसती वाचून ती वस्तू बनवावी इतकी स्पष्ट लिहून दे. त्याबदल्यात ठरावीक वर्षे तुझ्या परवानगीशिवाय कुणी ती बनवणार नाही, विकणार नाही. मुदत संपली की मात्र ती सगळ्यांची.

याचे नाव पेटंट. आपल्या देशात आज ही मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांची आहे. शिवाय मधल्या काळात दरवर्षीची ठरलेली फी भरली नाही, तर हक्क मुदतीआधीच जातो. आणि पेटंट ज्या देशात घेतले त्याच देशात चालते. अमेरिकेत घेतलेल्या पेटंटला सांगली-साताऱ्यात किंमत नाही. इथे हक्क हवा असेल तर इथे अर्ज करावा लागतो.

आपण जमीन खंडाने देतो तसाच हा व्यवहार आहे. इथे जमीन समाजाची आणि शोध लावणारा हा खंडकरी. त्याने मुदतीत पीक घ्यावे, चार पैसे मिळवावेत, त्याला कुणाची ना नाही. डोके चालवणाऱ्याला मोबदला मिळालाच पाहिजे, नाही तर डोके कोण चालवील? पण खंडाच्या काही अटी असतात. शोध खरोखर नवा पाहिजे, कागदावर दिलेली कबुली पूर्ण पाहिजे, आणि मुदत संपली की रान मोकळे झाले पाहिजे. यातली एकही अट मोडली तर विचारणा कोणी करायची? जमीन ज्याची त्याने, म्हणजे आपण.

आपल्या क्वाडची कुळकथा

हा करार चांगला पार पडला तर काय होते, हे पाहायला लांब जायला नको. ऊस मोटारीतून उतरतो, गव्हाणीत पडतो, मिलमधून रस निघतो, हे सर्व सभासदांनी पाहिले आहे. पुढे बॉयलिंग हाऊसमध्ये चार मोठी उभी भांडी एका ओळीत असतात, तिकडे फारसे कुणी येत नाही. त्यांना आम्ही क्वाड म्हणतो. रसातले पाणी उडवून त्याचा घट्ट पाक करायचा, हे क्वाडचे काम.

आपले गुऱ्हाळ डोळ्यांपुढे आणा. एक काईल, खाली चुलवाण, आणि जळण घालणारा माणूस दमून जातो. काईलीतून निघालेली वाफ आढ्याला जाते, तिचा काही उपयोग नाही. दीडदोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या लुइझियाना प्रांतात साखर अशीच उघड्या काईलींतून होत असे. काईलींची रांग असे आणि उकळता रस पळीने एका काईलीतून दुसऱ्या काईलीत ओतायचे काम गुलामांकडून करून घेत. भाजणे-पोळणे रोजचेच, आणि लाकूड किती जळे त्याला सुमार नाही.

त्याच भागातल्या न्यू ऑर्लिन्स शहरात १८०६ साली नॉर्बर्ट रिलियू याचा जन्म झाला. बाप गोरा, आई कृष्णवर्णीय वंशाची पण स्वतंत्र स्त्री. बापाने त्याला शिकायला पॅरिसला पाठवले. तिथे तो वाफेच्या शास्त्रात तरबेज झाला. परत येऊन त्याने विचार केला तो असा : पहिल्या भांड्यातल्या रसातून जी वाफ निघते ती वाया का घालवायची? तिच्यावरच दुसरे भांडे तापवावे. आता तेवढ्याच उष्णतेवर दुसऱ्या भांड्यातला रस उकळायचा, तर तिथली हवा काढून दाब कमी केला पाहिजे, म्हणजे रस कमी उष्णतेवर उकळतो. दुसऱ्याची वाफ तिसऱ्याला, तिसऱ्याची चौथ्याला. रस करपत नाही, साखर पांढरी निघते आणि जळण वाचते.

याचा हिशेब सभासदाला पटेल असा आहे. १०० टन रसाचा पाक करताना सुमारे ७५ टन पाणी उडवावे लागते. एकाच भांड्यात हे केले तर जवळजवळ तितकीच वाफ बॉयलरकडून आणावी लागेल. चार भांड्यांत केले तर ढोबळ मानाने चौथाईत भागते. आज आपल्याकडे बगॅस शिल्लक राहतो आणि त्यावर वीज करून विकण्याची भाषा आपण करू शकतो, त्याच्या मुळाशी ही युक्ती आहे.

रिलियूने १८४३ आणि १८४६ साली या यंत्राची पेटंटे घेतली. नकाशे काढून, प्रत्येक नळी आणि झडप समजावून सगळे लिहून दिले. त्या काळी तिकडे मुदत १४ वर्षांची होती. मळेवाल्यांनी यंत्र घेतले, त्याला पैसा मिळाला. मुदत संपली आणि युक्ती जगाची झाली. १९५० साली प्रवरेकाठी लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिला सहकारी कारखाना उभा केला, तेव्हा या तत्त्वासाठी कुणाची परवानगी मागावी लागली नाही. आजही लागत नाही. व्हॅक्युम पॅनची गोष्ट अशीच. इंग्लंडातल्या एडवर्ड चार्ल्स हॉवर्डने १८१३ च्या सुमारास तिचे पेटंट घेतले होते. त्या पॅनवर माझी निम्मी हयात गेली, आणि त्याचे नाव मला निवृत्तीनंतर कळले.

रिलियूची आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. यंत्राने नाव झाले, पण कातडीच्या रंगामुळे स्वतःच्याच शहरात त्याला बरोबरीची वागणूक मिळाली नाही. अखेर तो पॅरिसला गेला आणि १८९४ साली तिथेच वारला. तरी कागदावर नाव होते म्हणून ते टिकले. गुलामांना तेवढेही मिळाले नाही. १८५८ साली अमेरिकेच्या सरकारी महान्यायवाद्याने मत दिले, की गुलामाने लावलेल्या शोधाचे पेटंट गुलामालाही घेता येणार नाही आणि त्याच्या मालकालाही नाही. त्या काईलींवर राबणाऱ्यांपैकी किती जणांना काय काय सुचले असेल, ते आता कुणालाही सांगता येणार नाही.

मुदत ताणली की

दुसरी बाजूही आहे. वाफेच्या इंजिनाचा जेम्स वॅट सर्वांना माहीत आहे. त्याचे मुख्य पेटंट १७६९ चे. जुन्या इंजिनापेक्षा जेवढा कोळसा वाचेल, त्याच्या किमतीचा तिसरा हिस्सा वॅट आणि त्याचा भागीदार बोल्टन खाणवाल्यांकडून घेत. इथवर ठीक. पण १७७५ साली त्यांनी पार्लमेंटकडून मुदत थेट १८०० पर्यंत वाढवून घेतली, आणि मधल्या काळात दुसऱ्या कुणी सुधारलेले इंजिन काढले की कोर्टात खेचले. रिचर्ड ट्रेव्हिथिकसारख्यांची जास्त दाबाची इंजिने पुढे आली ती १८०० नंतर. खंडकरी मुदत संपली तरी बांध सोडत नाही, तेव्हा शेजाऱ्याचेही पीक अडते.

यंत्राच्या बाबतीत असे झाले तर पैसा जातो. औषधाच्या बाबतीत माणूस जातो. म्हणून औषधांच्या पेटंटाकडे जास्त जागरूकपणे पाहिले पाहिजे.

औषधाचा मामला

मधुमेहाचे इन्शुलिन कॅनडातील टोरोंटो येथे सापडले. ते शोधणाऱ्या बँटिंग, बेस्ट व कॉलिप यांनी १९२३ साली आपले पेटंट विद्यापीठाला प्रत्येकी एक डॉलर घेऊन देऊन टाकले. सगळेच असे करतील अशी अपेक्षा धरता येत नाही. नवे औषध शोधायला वर्षे लागतात, पैसा लागतो, दहा प्रयत्न फसतात तेव्हा एक लागू पडतो. म्हणून मुदतीचा हक्क असावा, हे मी मानतो. वाद आहे तो मर्यादेचा.

आपल्याकडे इंग्रजांनी केलेला १९११ चा कायदा होता. स्वातंत्र्यानंतर न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी त्याची चौकशी करून १९५९ साली अहवाल दिला. त्यात दिसले, की देशातील ८० ते ९० टक्के पेटंटे परदेशीयांच्या हाती आहेत आणि त्यांतल्या ९० टक्क्यांहून अधिक पेटंटांवर इथे उत्पादनच होत नाही. म्हणजे रान खंडाने घेतले, ते पेरायचेही नाही आणि दुसऱ्याला पेरू द्यायचेही नाही. माल बाहेरून आणायचा आणि मनाला येईल त्या दराने विकायचा.

त्यावर १९७० चा पेटंट कायदा आला आणि २० एप्रिल १९७२ पासून लागू झाला. त्याने अन्न आणि औषध यांच्यासाठी वेगळी वाट काढली. औषधावर नाही, तर औषध करण्याच्या रीतीवर पेटंट, आणि तेही जास्तीत जास्त सात वर्षे. आपल्या भाषेत सांगायचे तर गुळावर कुणाचा हक्क नाही, गूळ करण्याच्या एका रीतीवर आहे. तुम्ही दुसऱ्या रीतीने गूळ करा आणि खुशाल विका. या एका फरकाने आपल्या औषध कारखानदारीने बाळसे धरले. १९३५ साली मुंबईत निघालेल्या सिप्ला कंपनीने फेब्रुवारी २००१ मध्ये एड्सवरची तीन औषधे मिळून वर्षाला माणशी ३५० डॉलरला देऊ केली. परदेशी कंपन्यांचा दर तेव्हा दहा हजार डॉलरच्या वर होता. आफ्रिकेतल्या कितीतरी लोकांचे प्राण अशा स्वस्त औषधांनी वाचले. याच कंपनीचा एक कारखाना दौंडजवळ कुरकुंभला आहे, म्हणजे उसाच्याच पट्ट्यात.

पुढे जागतिक व्यापार करारामुळे २००५ साली कायदा बदलावा लागला. औषधाच्या मूळ वस्तूवर २० वर्षांचे पेटंट द्यावे लागू लागले. पण त्याच वेळी आपल्या संसदेने काही बांध घालून ठेवले, आणि ते सभासदांनी माहीत करून घ्यावेत.

पहिला बांध, कलम ३(ड) चा. जुन्याच औषधाचे रूप किंचित बदलून नव्याने २० वर्षे मागता येणार नाहीत. गुण स्पष्टपणे वाढला असेल तरच. रक्ताच्या कर्करोगावरील ग्लिव्हेक या औषधाबाबत नोव्हार्टिस कंपनीचा असाच अर्ज सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी फेटाळला. कंपनीचे औषध महिन्याला लाखाच्या वर पडे आणि इथले आठ-दहा हजारांत मिळे. यात किती घरे बुडण्यापासून वाचली असतील, विचार करा.

दुसरा बांध, सक्तीच्या परवान्याचा. पेटंट मिळून तीन वर्षे झाली आणि माल लोकांना परवडेल अशा दरात मिळत नसेल, तर दुसऱ्याला बनवण्याचा परवाना सरकार देऊ शकते. मूत्रपिंड व यकृताच्या कर्करोगावरील नेक्साव्हर या औषधाचा बायर कंपनीचा दर महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपये होता. मार्च २०१२ मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयातून हैदराबादच्या नॅटको कंपनीला परवाना मिळाला आणि दर ठरला ८,८८० रुपये. बायरला विक्रीवर ६ टक्के हिस्सा द्यायचा, असेही ठरले. म्हणजे खंडकऱ्याला वाऱ्यावर सोडले नाही, पण रान पडीकही ठेवू दिले नाही.

तिसरा बांध मला सर्वांत मोलाचा वाटतो. पेटंट मंजूर होण्यापूर्वी कोणीही हरकत घेऊ शकतो. कंपनी असायला नको, पदवी नको. मुंबईची नंदिता वेंकटेशन हिला दोनदा क्षय झाला आणि औषधांच्या दुष्परिणामाने तिची श्रवणशक्ती गेली. दक्षिण आफ्रिकेतील फुमेझा टिसिले हिचीही तीच कथा. साध्या औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावर बेडाक्विलीन नावाचे नवे औषध निघाले होते. त्याच्या मूळ पेटंटाची मुदत जुलै २०२३ मध्ये संपायची होती, आणि जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीला त्याच औषधाच्या एका क्षारावर २०२७ पर्यंत हक्क हवा होता. या दोघींनी २०१९ साली हरकत दाखल केली. मार्च २०२३ मध्ये पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज नाकारला. ज्यांना आजाराने ग्रासले त्यांनीच कागद वाचला, प्रश्न विचारला आणि जिंकल्या. श्रवणशक्ती गमावूनही त्यांनी हे केले. आपल्याला तर ऐकूही येते.

हळदीचा धडा

आता "खरोखर नवे" या अटीबद्दल. आपल्यापैकी पुष्कळ जण उसाबरोबर हळदही करतात. जखमेवर हळद लावावी हे आजीने शिकवले. तीच गोष्ट नवा शोध म्हणून अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राने मांडली, आणि मार्च १९९५ मध्ये तिच्यावर पेटंट मिळाले. आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर होते, मूळचे गोव्यातील माशेलचे. परिषदेने १९९६ साली तिथे फेरतपासणी मागितली आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झाले.

ते कशाच्या जोरावर? "आमची आजी लावत होती" एवढे म्हणून भागले नाही. तिथल्या कार्यालयाने छापील पुरावा मागितला. परिषदेने जुन्या ग्रंथांतले आणि नियतकालिकांतले ३२ संदर्भ पुढे केले. त्यांत १९५३ साली आपल्याच वैद्यकीय नियतकालिकात छापलेला एक लेखही होता. कुणीतरी ते लिहून ठेवले होते म्हणून हळद आपल्याकडे राहिली. नुसत्या आठवणीवर ती गेली असती.

आमचा फिटर

हा धडा वाचला तेव्हा मला आमचा एक फिटर आठवला. क्वाडच्या नळ्यांत हंगामात खवले धरतात. दर काही दिवसांनी क्वाड बंद करून, कॉस्टिक सोडा उकळून, मग कटर फिरवून नळ्या खरवडाव्या लागतात. गरमीत आणि ओलीत काम, आणि तेवढा वेळ गाळप मंद. कटर जोरात फिरवला तर नळी चिरते, हळू फिरवला तर खवले निघत नाहीत. सुमारे वीस वर्षांपूर्वी या फिटरने ट्रकच्या जुन्या स्प्रिंगच्या पोलादाचा एक कटर घडवला. त्याची पाती दाबली की आत सरायची, त्यामुळे नळीला इजा होत नसे. दोन पाळ्यांचे काम एका पाळीत होऊ लागले. आम्ही सगळ्यांनी पाठ थोपटली, चहा पाजला आणि विसरलो.

पुढे माल पुरवणारा एक माणूस आला. त्याने तो कटर हातात घेतला, मापे घेतली. आमच्याच माणसांनी कौतुकाने दाखवले. दोनेक वर्षांनी तसाच कटर एका माहितीपत्रकात आला आणि आपल्याच कारखान्याने त्याचे नग विकत घेतले. खोक्यावर "पेटंट पेंडिंग" असे छापले होते. फिटर खोके बघून एवढेच म्हणाला, "बरं केलंय. आता मला घडवत बसायला नको."

आम्हाला वाईट वाटले. हरकत घ्यायला पाहिजे होती. पण दाखवणार काय? तारीख नाही, नकाशा नाही, फोटो नाही. त्या पाळीच्या नोंदवहीत एकच ओळ होती : "क्वाडच्या ट्यूब साफ केल्या." चूक त्या विक्रेत्याची होतीच, पण ही ओळ लिहिणारा मी होतो.

सभेपुढे माझे म्हणणे

काही सभासद म्हणतील, "कारखान्याने साखर करावी, उसाचं बिल वेळेवर काढावं. ही पेटंटाची भानगड कशाला?" बिल वेळेवर निघावे हे माझेही म्हणणे आहे. पण आज कारखाना नुसती साखर करत नाही. डिस्टिलरी आली, वीज आली, प्रेसमडपासून गॅस करण्याच्या गोष्टी चालल्या आहेत. या प्रत्येक यंत्राबरोबर कुणाच्या तरी तंत्राचे पैसे जातात, आणि ते शेवटी आपल्याच उसाच्या दरातून जातात. म्हणून येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मी पुढील सूचना मांडणार आहे.

पहिली सूचना खरेदीची. "पेटंटेड आहे" असे जो सांगेल त्याला लेखी विचारावे : पेटंटचा नंबर काय, भारतातले आहे का, अर्जाची तारीख कोणती, वार्षिक फी भरलेली आहे का, आणि किती वर्षे उरली? नंबर मिळाला की पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर कोणालाही फुकट पाहता येते. उद्या दुसऱ्या कुणी या यंत्रावर हक्क सांगितला तर भुर्दंड विकणाऱ्याचा, असे कलमही करारात घालावे. नसलेले पेटंट आहे म्हणून सांगणाऱ्याला आपल्या कायद्यात दंड आहे, हेही त्याच्या कानावर घालावे.

दुसरी सूचना नोंदवहीची. प्रत्येक खात्यात एक शोध-नोंदवही ठेवावी. कामगाराने काही नवे केले की तारीख, नकाशा, मापे, फोटो आणि त्याचे नाव लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. आणि ते आधी प्रदर्शनात मांडू नये, बाहेरच्यांना दाखवू नये, कारण उघड झालेली गोष्ट कायद्याने नवी राहत नाही आणि मग पेटंट मिळणे अवघड होते. मोठी युक्ती असेल तर प्राथमिक अर्ज करता येतो. सविस्तर कागद द्यायला १२ महिने मिळतात, आणि आपल्या भागाचे कार्यालय मुंबईलाच आहे.

तिसरी सूचना छापण्याची. प्रत्येक लहान गोष्टीचे पेटंट घेणे परवडणार नाही, आणि सहकारात ते शोभणारही नाही. तिथे उलटे करावे. युक्ती सविस्तर छापून टाकावी. एकदा तारखेनिशी छापली की दुसऱ्या कुणाला तिच्यावर खरे पेटंट मिळू शकत नाही, आणि शेजारच्या कारखान्यालाही ती फुकट वापरता येते. पुण्याच्या डेक्कन शुगर टेक्नॉलॉजिस्ट्स असोसिएशनच्या अधिवेशनात निबंध वाचता येतो, मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटकडे पाठवता येतो. आणि आपले हे वार्तापत्र आहेच. शुभेच्छांच्या जाहिरातींतून अर्धे पान काढून तिथे दर अंकाला एका कामगाराची युक्ती नावानिशी छापावी, अशी संपादक मंडळास विनंती आहे.

बेण्याबद्दल काही जणांनी विचारले म्हणून सांगतो. आपल्या कायद्याप्रमाणे वनस्पतीवर किंवा शेती करण्याच्या पद्धतीवर पेटंट मिळत नाही. वाणांसाठी २००१ चा वेगळा कायदा आहे. त्यात आपल्या रानातले बेणे राखण्याचा, लावण्याचा आणि एकमेकांना देण्याचा शेतकऱ्याचा हक्क शाबूत ठेवला आहे. त्यावर पुन्हा कधीतरी लिहीन.

सुरुवातीला सांगितलेल्या दोन प्रसंगांचे पुढे काय झाले, तेही सांगतो. त्या मुलाबरोबर मी डॉक्टरांकडे गेलो आणि प्रत्येक औषधाचे मूळ नाव लिहून मागितले. तीन औषधांपैकी दोहोंवर आता कुणाचाच हक्क नव्हता. डॉक्टरांनी स्वतः दुसऱ्या कंपनीची लिहून दिली आणि ती पुष्कळ स्वस्त पडली. डॉक्टरांना न विचारता असा बदल कुणी करू नये, हे मात्र बजावून सांगतो. तिसऱ्या औषधाची मुदत खरोखरच बाकी आहे. त्याचे पैसे ते कुटुंब भरते आहे. एक गाय विकून झाली.

आणि त्या मशीनच्या प्रतिनिधीला आमच्या सहकाऱ्याने पेटंटचा नंबर विचारला. "हेड ऑफिसला विचारून कळवतो," म्हणाला. महिना झाला, अजून कळवलेले नाही.

फिटर आता निवृत्त आहे. त्याच्याकडून त्या कटरचा नकाशा मी मागच्या रविवारी काढून घेतला. तो पुढील अंकात त्याच्या नावानिशी छापावा, म्हणून या लेखासोबत पाठवीत आहे. सभासदांनी सभेला अगत्य यावे आणि सूचनांवर आपले मत मांडावे.

आपला,
एक सभासद
(निवृत्त कर्मचारी, बॉयलिंग हाऊस)